कुठेच न जाणारा फेडर

कुणाच्या कानावर काय जावं आणि काय जाऊ नये हे ठरवणं, एवढंच माझं काम. हे वाचून कुणाला वाटेल की ही बाई एकत्र कुटुंबातली थोरली सून असावी. तेही खरंच आहे. डिचोलीला ज्या घरात मी लग्न होऊन आले तिथे सासूबाई, दोन आत्येसासवा आणि तीन नणंदा होत्या. आत्येसासूचं बोलणं नणंदेपर्यंत जाऊ द्यायचं, नणंदेचं उत्तर परत आत्येसासूकडे जाऊ द्यायचं नाही, आणि सासूबाईंना दोन्ही ऐकू यायला हवं, पण कमी आवाजात. हे मी पुष्कळ वर्षं तोंडी केलं. आता लॅपटॉपवर करते.

माझे यजमान, प्रकाश, यांचा साऊंडचा धंदा. लग्न, सप्ताह, नाटक, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे आमचे स्पीकर जातात. माझ्याकडे पहिल्यापासून याद्या. किती वायरी गेल्या, किती परत आल्या, कुठल्या माइकची जाळी चेपली. मग साथीच्या काळात लोकांना एकमेकांकडे जाता येईना आणि सगळ्यांना घरबसल्या सगळं बघायचं होतं. भाच्याने कॅमेरा घेतला. आवाज कोण बघणार, असा प्रश्न आला तेव्हा घरात रिकामी मीच होते, म्हणजे फक्त सहा माणसांचा स्वयंपाक होता. मी शिकले. एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच कळली. चित्र अडकलं तर लोक थांबतात. आवाज अडकला तर फोन करतात.

बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगते. नुसत्या मोबाइलने लग्न दाखवलं तर मंत्र, पंखा, रडणारं मूल आणि दारात आलेल्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा असं सगळं एकत्र कालवून येतं. म्हणून भटजींना एक माइक, सनईला एक, पाहुण्यांसाठी एक, असे आवाज वेगवेगळ्या वाटांनी लॅपटॉपमध्ये आणायचे. तिथे एक मिक्सर असतो, पण तो हातात धरता येत नाही, नुसता पडद्यावर काढलेला असतो. प्रत्येक आवाजाला वरखाली सरकणारी एक पट्टी, तिला आम्ही फेडर म्हणतो. माझ्या पडद्यावर असे आठ आहेत. प्रत्येक फेडरखाली तीन बटणं, ए, बी आणि सी. मी त्यांना दारं म्हणते. ए दारातून आवाज मांडवातल्या स्पीकरवर जातो. बी दारातून जगाला जातो. सी दारातून जातो तो फोनवर असलेल्या एकाच माणसाच्या कानात. बटण हिरवं म्हणजे दार उघडं. फेडर कितीही वर केला आणि तिन्ही दारं बंद असली, तर तो आवाज आतल्या आत फिरत बसतो.

प्रत्येक चुकीनंतर माझ्या यादीत एक ओळ वाढते. 'भटजींचा माइक: मंत्र संपताच बी बंद' ही ओळ डिचोलीतल्या एका लग्नाने दिली. मंगलाष्टकं झाली, भटजी कॉलरचा माइक तसाच ठेवून तुळशीकडे गेले आणि मोबाइलवर पुढच्या यजमानाला सांगू लागले की इथलं आटोपत आलंय, नवरी तेवढी सावकाश चालते. हे तीन देशांत ऐकलं गेलं. आठवड्याने नवरीच्या लंडनच्या काकांचा फोन आला तेव्हा मी माफीची तयारी ठेवली होती. त्यांना भटजींचा नंबर हवा होता. घरभरणीसाठी असाच वेळेचं भान असलेला माणूस ते शोधत होते.

'ज्याचा आवाज, त्याच्याकडे परत नाही' ही ओळ मोरजीच्या बारशाची. बाळाची मावशी मस्कतला. तिने तिथून नाव सांगायचं आणि इकडे सगळ्यांनी ऐकायचं असं ठरलं. मी तिच्या आवाजाची तिन्ही दारं उघडली, त्यामुळे तिचं बोलणं सी दारातून थोड्या वेळाने तिच्याच कानात परत गेलं. ती बोलली, थांबली, पुन्हा बोलली, आणि शेवटी चिडून विचारलं, "कोण गो ती बाय? मी बोलताना मदीं मदीं बोलता?" तेव्हापासून फोनवरच्या माणसाला सगळं पाठवायचं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून.

आता अनंत मास्तर. हे डिचोलीतले निवृत्त गणिताचे शिक्षक आणि भजनातले पेटीवाले. माझ्या कामातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. भजन सुरू झालं की त्यांचे हात पेटीवर आणि डोळे माझ्या पडद्यावर. दर अभंगाला मान वळवून म्हणायचे, "पेटी जरा वर." वर केली की पखवाजवाला कुरकुरायचा. खाली केली की मास्तर. दोन भजनं मी सहन केलं. तिसऱ्या भजनाला पाच नंबरच्या मोकळ्या फेडरवर मी 'पेटी २' असं नाव लिहिलं. त्याला कुठलीच वायर नव्हती आणि त्याची तिन्ही दारं बंद होती. मास्तर म्हणाले, "वर." मी पाचवा फेडर वर सरकवला. मास्तरांनी डोळे मिटून दोन सूर ऐकले.

"आता कशी गोड लागते बघ," ते म्हणाले.

हे असं तीन वर्षं चाललं. प्रकाशना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले की म्हाताऱ्याला फसवणं बरं नव्हे. मी म्हटलं, फसवत नाही, समाधान करते. या वाक्याचा मला पुढे पश्चात्ताप झाला. तेच आज सांगायचं आहे.

एका सकाळी चोपड्याहून भामाबायचा फोन आला. भामाबाय म्हणजे अनंत मास्तरांची आई, ऐंशीच्या पुढची, नदीकाठच्या घरात राहणारी. शेजारणीने नंबर लावून दिला होता.

"बाय, तुजा ता मशीन दर्यातल्या माणसाक हंय आणून उबो करता म्हणान आयकलां. खरा?"

मी म्हटलं, उभा नाही करत, पण बोलायला लावते.

"बोललो की पुरो."

मग तिने जे सांगितलं ते असं. त्यांच्या घराण्याचा राखणदार, म्हणजे घराची राखण करणारा देव, नदीकाठी वडाखाली आहे. छोटीशी घुमटी. वर्षातून एकदा सगळं घर तिथे जमतं आणि दाजी गांवकर गाऱ्हाणं घालतात. ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे घराच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलणं. कोण आजारी, कोण परगावी, कुणाचं काय अडलंय ते नावानिशी सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणून आपला होकार द्यायचा. दाजींचा नियम असा की ज्याचं नाव घेतलं त्याने स्वतः होकार दिला पाहिजे. त्यांचं म्हणणं, "माणूसच व्हय म्हणना, तर देवान कोणाकडे बगूचा?"

भामाबायचा धाकटा मुलगा सुदीन तारवटी, जहाजावर कामाला. चार वर्षांपूर्वी गाऱ्हाण्याच्या दिवशी तो समुद्रावर होता, म्हणून दाजींनी त्याचं नाव घेतलं नाही. थोरल्या अनंत मास्तरांनी ते चालवून घेतलं. गणिताचा माणूस, नियम म्हणजे नियम. सुदीनला हे कुणीतरी कळवलं. घरच्या गाऱ्हाण्यात मला वगळलं आणि दादा गप्प उभा राहिला, हे त्याच्या मनात बसलं ते बसलं. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. सुट्टीवर आला तरी चोपड्यालाच राहून परत गेला, डिचोलीला पाऊल टाकलं नाही.

"मी आसां तंवसर दोगांचोय व्हय एका गाऱ्हाण्यात आयकूचो आसा," भामाबाय म्हणाली. जिवंतपणी दोघांचा होकार एकत्र ऐकायचा, बाकी तिची काही मागणी नव्हती.

मी सुदीनशी बोलले. त्याने आधी विचारलं, दादा असणार का. असणार, मी म्हटलं. मग म्हणाला, "मी फक्त व्हय म्हणतलंय. दुसरा कायच बोलूचंय ना." जहाज त्या दिवशी बंदरात असणार होतं आणि दुपारपर्यंत त्याला फोन लागणार होता. मास्तरांनाही विचारलं. ते म्हणाले, आईने सांगितलं म्हणून येईन, नंतर भजन आहे तर पेटीही आणतो. धाकट्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

कामाची यादी मी दोन पानी केली. एक, दाजींचा माइक. दोन, जमलेल्यांचा. तीन, पेटी. चार, पखवाज. सुदीनचा फोन कुठे घ्यायचा? पाचवा मोकळाच होता. मी त्याचा आवाज पाचव्या फेडरवर आणला आणि नाव बदलायचं नंतर बघू म्हणून पुढे गेले.

सकाळी नऊला वडाखाली मेज लावलं. प्रकाशनी एक स्पीकर झाडाला टेकवला. भामाबाय प्लास्टिकच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बरोबर त्या स्पीकरसमोर बसली. तिला वाटत होतं सुदीन त्या पेटाऱ्यातच येणार, आणि एका अर्थी ते बरोबर होतं. मी दाजींना समजावलं की तुमचं बोलणं जहाजावर पोचून त्याचं उत्तर परत यायला तीनेक सेकंद लागतील, तेवढं थांबा.

"देवाक इतको वेळ लागना," दाजी म्हणाले.

"देवाकडे इंटरनेट नाही, दाजी."

ते हसले नाहीत, पण थांबायचं कबूल केलं.

सुदीनचा फोन लागला. मी हेडफोन लावून ऐकलं, आवाज स्वच्छ. यादीवर बरोबरची खूण केली. तेवढ्यात अनंत मास्तर पेटी घेऊन आले, नेहमीसारखे माझ्या शेजारी बसले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाचवा आज इतका खाली का?" सवयीने माझा हात गेला आणि मी पाचवा फेडर पार वरपर्यंत सरकवला.

गाऱ्हाणं सुरू झालं. दाजींचा आवाज एरवी बारीक, पण देवापुढे उभे राहिले की छाती भरून बोलतात. पहिली वाक्यं सगळ्या घराची, त्यांना सगळ्यांचा एकत्र होकार. मग नावं. "थोरलो अनंत, तेच्या संसाराक बरी बुद्द दी." मास्तर उभे राहून म्हणाले, "व्हय महाराजा." मग दाजींनी श्वास घेतला.

"आनी धाकटो सुदीन. दर्यार आसा. तेच्या पाठीर रव, तेका सुकान घराक आण."

आता एकट्या सुदीनचीच पाळी होती, म्हणून सगळे गप्प. एक, दोन, तीन. माझ्या हेडफोनमध्ये आवाज आला, थोडा घोगरा, पण ठाम. "व्हय महाराजा." मला बरं वाटलं. हसून मी भामाबायकडे बघितलं.

ती स्पीकरकडे बघत होती. स्पीकर गप्प होता.

दाजी आणखी थांबले. नदीवर एक होडी चालली होती, तिच्या वल्ह्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग दाजी हळूच म्हणाले, "धाकट्यान व्हय म्हणूक ना."

भामाबायने पदर हातात घेतला आणि त्याची घडी घालू लागली. मास्तरांनी मान खाली घातली. माझ्या कानात सुदीन बोलत होता, कारण दाजींचं बोलणं त्याला पोचत होतं. "म्हटलंय मी. आवय, मी म्हटलंय गे. व्हय महाराजा. आयकूक येता?" त्या क्षणी त्याचा होकार जगात फक्त मला ऐकू येत होता, आणि माझा होकार काही कामाचा नव्हता.

मी यादी बघितली. सगळ्या खुणा बरोबर. 'सुदीनचा आवाज येतो', पुढे खूण. कुणाला येतो, हे माझ्या यादीने विचारलंच नव्हतं. हेडफोनमध्ये मी ऐकते तो आवाज फेडरच्याही आधीचा असतो. दारं उघडी की बंद ते त्यातून कळत नाही. हे मी स्वतः दहा जणांना शिकवलेलं आहे.

पडद्यावर नजर फिरवली. पाच नंबर. नाव 'पेटी २'. फेडर टोकाला. खाली तिन्ही दारं काळी.

मी ए आणि बी दाबायला बोट पुढे केलं, तर शेजारून मास्तर कुजबुजले, "ती माझी. तिला हात लावू नको." मी म्हटलं, मास्तर, ही तुमची नव्हे. दोन्ही दारं उघडली, सी तेवढं बंद ठेवलं, आणि माइकमध्ये म्हटलं, "सुदीनबाब, चूक माझी. एकदा परत म्हणा."

एक, दोन, तीन.

फेडर टोकाला दिसला होता, पण घाईत खाली आणायचं राहून गेलं. जो आवाज आला तो चोपड्यालाच काय, नदीच्या पल्याडही पोचला असेल. वडावरचे बगळे एकदम उडाले. होडीतला माणूस वल्हं सोडून उभा राहिला. "व्हय महाराजा" पाण्यावरून जाऊन परतही आलं.

भामाबायने दोन्ही हात कानांवर ठेवले होते. ते काढून ती स्पीकरला म्हणाली, "हळू रे पुता. कान आसत माका."

सगळे हसले. ती हसता हसता डोळे पुसत होती. दाजी गंभीरच. घुमटीकडे वळून म्हणाले, "आयकलंस मरे महाराजा? ह्या बायचा मशीन चुकला, पोर चुकूक ना." आणि पुढचं वाक्य घेतलं. मग प्रत्येक वाक्याला तसंच झालं. आधी सगळ्यांचा होकार, मग तीन सेकंद शांतता, मग दर्यावरचा एकटा होकार. आणि तो आल्याशिवाय दाजी पुढे जाईनात.

दुसऱ्या की तिसऱ्या वाक्यानंतर अनंत मास्तर माझ्याकडे वाकले. "पाचवा थोडा खाली कर. त्याचा आवाज फाटतोय."

चार वर्षांत भावाबद्दल त्यांनी काढलेले हे पहिले शब्द. ते त्यांनी माझ्या कानात सांगितले, पण जमलेल्यांचा माइक हातभर अंतरावर होता आणि त्याचं सी दार, सुदीनच्या कानाकडचं, उघडं होतं. मी फेडर खाली आणला. गाऱ्हाणं संपलं, दाजी मागे झाले, आणि फक्त व्हय म्हणणार म्हणून सांगितलेल्या माणसाचा आवाज स्पीकरवर आला.

"दादा, पेटी आणल्यात मां? मगे वाजय. बारा वाजासर फोन आसा."

मास्तरांनी पेटीचा भाता उघडला. पुढचा पाऊण तास भजन झालं आणि त्यात त्यांनी एकदाही पडद्याकडे मान वळवली नाही.

सामान आवरताना ते माझ्याजवळ आले. गणिताचा माणूस, त्यांचं मनात मांडून झालं होतं.

"ती खालची तीन बटणं. माझ्या वेळी ती काळीच असायची ना?"

मी हो म्हटलं. वायरची गुंडाळी करत होते ती चालू ठेवली, कारण वर बघायचा धीर नव्हता.

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं, मास्तर. चुकलं माझं."

ते बराच वेळ पेटीच्या खोक्याची कडी लावत राहिले. "पण वर केलीस की फरक पडायचा हां," ते म्हणाले. "मी काय खोटं सांगत नव्हतो." मग जाता जाता म्हणाले, "पाचवा त्याकच ठेव. नाव घाल वयर."

मी तिथेच नाव घातलं. पुढे भजनाला मास्तर आले तेव्हा मी पेटीचा खरा फेडर त्यांना दाखवला आणि म्हटलं, सांगाल तेव्हा खरंच वर करते. त्यांनी एकदाही सांगितलं नाही. ते मला अजून लागतं. कधी कधी मी न सांगता तो फेडर दोन बोटं वर करते. त्यांना कळतं की नाही, माहीत नाही.

त्या गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यातल्या गप्प जागेखाली नातेवाइकांनी 'आवाज नाही' असं ओळीने लिहिलंय. प्रकाश म्हणतात, तेवढं काप. मी कापलेलं नाही. नवीन माणसाला शिकवायला बसवते तेव्हा तेच दाखवते, आणि भामाबायच्या हातातला पदर बघायला सांगते.

पुढच्या वर्षी सुदीन स्वतः आला. डिचोलीला भावाकडे उतरून मास्तरांची पेटी खांद्यावर घेऊनच चोपड्याला पोचला. आम्हाला फक्त परगावच्या नातेवाइकांसाठी बोलावलं होतं, म्हणून माझा पाचवा फेडर मोकळा होता. दाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं. पहिलं वाक्य झालं, सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं, त्यात सुदीनही होता, दाजींच्या समोर हात जोडून. आणि दाजी थांबले. सगळेच थांबले. कुणी ठरवलं नव्हतं. एक, दोन, तीन. पाण्याचा आवाज येत होता.

"अहो दाजी, तो हंयच आसा," भामाबाय म्हणाली.

"आसूं दी," दाजी म्हणाले. "आनी कोण खंय दूर आसलो तर?" आणि दुसऱ्या वाक्यालाही तेवढेच थांबले.

घरी येऊन मी यादी काढली. 'पाचवा: हेडफोनवर नव्हे, स्पीकरवर ऐकून खूण करणे' ही ओळ आधीच होती. तिच्याखाली लिहिलं: 'चोपडे. प्रत्येक होकारानंतर तीन सेकंद. आवाज गेलेला नाही. कशाला हात लावू नये.'